बोलावलं तर कामाला, नाहीतर पाहुणे म्हणून जा: मोरोक्कोविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी मोरोक्कोतल्या ॲटलस डोंगरातल्या भूकंपग्रस्त गावांविषयी लिहिलं होतं. ८ सप्टेंबर २०२३ च्या रात्री ११ वाजून ११ मिनिटांनी तिथे ६.८ तीव्रतेचा भूकंप झाला. जवळपास ३,००० माणसं गेली आणि ६०,००० च्या आसपास घरं पडली किंवा खिळखिळी झाली. माझी मुलगी आणि जावई तेव्हा कॅसाब्लांकात नोकरीला होते. मी स्वतः किल्लारीच्या भूकंपानंतर औसा तालुक्यात सरकारच्या घरदुरुस्ती कार्यक्रमात कनिष्ठ अभियंता होते. हे कळल्यावर माराकेशहून डोंगरात जाणाऱ्या रस्त्यावरच्या असनी गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या एका खोऱ्यातल्या गाव-संस्थेने मला बोलावलं आणि मी जाऊन आले. तो लेख वाचून बरीच पत्रं आली. बहुतेकांना फिरायलाही जायचंय आणि काही कामही करायचंय. त्यातल्या काहींना इथे उत्तर देते.

आम्ही दोघंही बँकेतून निवृत्त झालो आहोत. मोरोक्को पाहायचा आहे आणि त्यातले दोन आठवडे भूकंपग्रस्तांसाठी द्यायचे आहेत. आमच्या सोसायटीतून कपडे आणि ब्लँकेटं गोळा करून नेली तर चालतील का? घरं बांधायला हातभार लावता येईल का? तब्येत ठणठणीत आहे.
— एक वाचक, नाशिक

कपडे नेऊ नका. इतकं थेट सांगते, कारण किल्लारीत मी ते ढीग पाहिलेत. रस्त्याच्या कडेला भिजत पडलेल्या जुन्या पँटी, फाटके स्वेटर, एका पायातले बूट. ज्या बाईने आयुष्यभर नऊवारी नेसली तिच्यासाठी कुणीतरी झगे पाठवले होते. देणाऱ्यांचा भाव खरा होता, पण तो ढीग उचलायला माणसं लागत होती आणि ती माणसं दुसऱ्या कामावरून ओढावी लागत होती.

मोरोक्कोतही पहिल्या आठवड्यात हेच झालं. तिथे तर बाहेरच्यांपेक्षा घरचीच माणसं जास्त आली. कॅसाब्लांका, रबात, तांजेर, जिथून तिथून लोक आपापल्या गाड्यांत पीठ, तेल, गाद्या, पाणी भरून डोंगराकडे निघाले. माराकेशहून असनी, वीरगान, तालात न्याकूब असा वर चढत जाणारा रस्ता एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी असा आहे. त्यावर दरडी कोसळलेल्या, आणि त्यात या मदतीच्या गाड्यांची रांग. सरकारने सुरुवातीच्या दिवसांत शोधकार्यासाठी स्पेन, कतार, ब्रिटन आणि संयुक्त अरब अमिराती या चारच देशांची पथकं आत घेतली, त्यावर जगभर टीका झाली. त्या टीकेत तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण अरुंद रस्त्यावर एकाच वेळी सगळं जग आलं तर काय होतं, हे मला माहीत आहे.

आता बांधकाम. तुमची तब्येत ठणठणीत आहे याचा आनंद आहे, पण विटा उचलायला तिथे माणसांची कमी नाही, कमी आहे ती मजुरीची. त्या खोऱ्यांमधले तरुण एरवी माराकेशला किंवा अगादीरला कामाला जातात. भूकंपानंतर गावात काम निघालं आणि काही जण घरी परतले. अशा ठिकाणी आपण पैसे न घेता पाट्या उचलल्या तर एका घरातला रोजगार बुडतो. शिवाय भिंत हे शिकाऊ हातांनी करायचं काम नाही. दगड नीट बसला नाही, आतला भराव पोकळ राहिला, तर त्या भिंतीखाली पुढची चाळीस वर्षं दुसऱ्याचं मूल झोपणार असतं.

मग तुम्ही काय करायचं? तुम्ही त्या गावांत पाहुणे म्हणून जा आणि चांगले पैसे देऊन राहा. हे मी मन राखायला म्हणत नाही. इम्लील, वीरगान, आझादेन या खोऱ्यांचं पोट सफरचंद आणि अक्रोडांच्या बागांवर चालतं, आणि त्याच्या जोडीला डोंगरात येणाऱ्या पाहुण्यांवर. भूकंपानंतर लोकांनी भीतीने बेत रद्द केले आणि खेचरवाले, वाटाडे, घरगुती खाणावळी चालवणाऱ्या बाया रिकाम्या बसल्या. इम्लीलहून तुबकालकडे वाट जाते. ४,१६७ मीटर उंचीचं ते शिखर उत्तर आफ्रिकेतलं सर्वांत उंच आहे. तुम्हाला शिखर गाठायची गरज नाही. गावातला परवानाधारक वाटाड्या घ्या, सामानाला खेचर घ्या, एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात दोन-तीन मुक्काम करत चालत जा. आरक्षण परदेशी कंपनीकडून करण्यापेक्षा गावातल्या घराशी थेट बोलून करा आणि घासाघीस ताणू नका.

काही व्यवहाराच्या गोष्टी. भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो. भारतातून सरळ विमान नाही, दोहा, दुबई किंवा अबुधाबीला बदलून कॅसाब्लांका गाठायचं. दिरहम हे चलन इथे मिळत नाही, तिथे उतरल्यावर बदलून घ्यायचं, म्हणून युरो जवळ ठेवा. एक दिरहम म्हणजे साधारण नऊ-दहा रुपये. कॅसाब्लांकाहून माराकेशला रेल्वे उत्तम आहे. पुढे डोंगरात ‘ग्रां ताक्सी’ जाते, ती आपल्या काळी-पिवळीसारखी: माणसं भरल्याशिवाय हलत नाही, आणि एका जागेचे किंवा सगळ्या गाडीचे पैसे मोजता येतात. पाय दुखत असतील तर दोघांनी मिळून तीन जागांचे पैसे द्या, आरामात बसाल. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर निवडा. जानेवारीत वरच्या गावांत बर्फ असतो. ड्रोन अजिबात नेऊ नका, परवान्याशिवाय बंदी आहे आणि विमानतळावरच काढून घेतात.

आणि पडलेल्या घरांचे फोटो काढायला म्हणून कुणाच्या वाड्यात शिरू नका. तुम्ही शिरणार नाही हे पत्रावरून कळतं, पण तुमच्या पाठोपाठ जाणाऱ्यांसाठी लिहून ठेवते.

मी माळकरी आहे. कांदा-लसूण चालतो, पण मांसाचा रस्सासुद्धा नको. तिथे खाण्याचे हाल होतील का?
— एक वाचक, जळगाव

हाल होणार नाहीत, लक्ष मात्र ठेवावं लागेल. सकाळी बिस्सारा घ्या. वाळलेल्या बाकल्याच्या डाळीचं ते दाट वरण असतं. वर ऑलिव्हचं तेल आणि जिऱ्याची पूड, सोबत गरम गोल रोटी. थंडीत टपरीवर उभं राहून ते खाताना मला दुसरं काही लागत नव्हतं. मसूर असतात, पांढऱ्या घेवड्याची लूबिया असते, वांगी-टोमॅटोचं झालूक असतं, तव्यावरचं पदर सुटलेलं म्सेमन मधाबरोबर मिळतं, संत्री अशी की घरी पेटी आणावीशी वाटते.

जपायचं ते दोन ठिकाणी. हरीरा हे सूप दिसायला डाळ-टोमॅटोचं असतं, पण त्यात बहुतेकदा मांस असतं. भाज्यांचं ताजीन आणि शुक्रवारचं कुसकुस मांसाच्या रश्श्यावर शिजवून वरून मांस काढून वाढतात, आणि वाढणाऱ्याला ते शाकाहारीच वाटतं. ‘ब्ला ल्हम’, मांसाशिवाय, हे दोन शब्द पाठ करा, आणि शक्यतो पदार्थ चुलीवर चढायच्या आधी सांगा. २०२६ मध्ये रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये आला, दर वर्षी तो दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. त्या महिन्यात जाणार असाल तर लहान गावांत दुपारी जेवण मिळणं अवघड, दशम्या-चटणी बांधून न्या.

माझी मुलगी बावीस वर्षांची आहे. एका संकेतस्थळावरून मोरोक्कोतल्या अनाथाश्रमात चार आठवडे ‘मुलांना प्रेम देण्याचं’ काम मिळतंय, त्यासाठी ती कंपनी बरीच मोठी फी घेते आहे. मुलगी फार हळवी आहे, लहान मुलांची तिला ओढ आहे. एकटीला पाठवावं का? सुरक्षित आहे का?
— एक आई, पुणे

ताई, तुम्ही सुरक्षिततेचं विचारलंत, त्याचं उत्तर देतेच. पण त्याआधी दुसरं सांगायचंय: अनाथाश्रमात पाठवू नका. मोरोक्कोतच नव्हे, कुठेही.

अशा संस्थांत वाढणाऱ्या अनेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. मोरोक्कोत याला आणखी एक पदर आहे. लग्नाबाहेरचे संबंध तिथे दंडसंहितेच्या ४९० व्या कलमानुसार गुन्हा आहेत. त्यामुळे लग्नाशिवाय आई झालेल्या मुलीला घर, गाव आणि कायदा तिन्ही बाजूंनी कोंडीत धरतात, आणि बाळ संस्थेत येतं. आपल्यासारखं दत्तकविधान तिथे नाही. कफाला म्हणून पालकत्वाची पद्धत आहे, तिच्यात मूल सांभाळायला मिळतं पण नाव आणि वारसा मिळत नाही. तर अशा मुलाला काय हवं असतं? तेच माणूस रोज. तीच बाई सकाळी उठवणारी, तीच रात्री झोपवणारी. तिथे तुमची मुलगी जाणार, चार आठवडे कडेवर घेणार, मूल तिला चिकटणार, आणि मग ती विमानात बसणार. पुढच्या सोमवारी दुसरी मुलगी येणार. आपल्या मुलीचा हळवेपणा खरा आहे, आणि म्हणूनच तिला हे सांगा. तिला कळेल. हळव्या माणसाला हे लवकर कळतं.

फीचंही सांगते. पैसे घेणं वाईट नाही, राहण्या-जेवण्याचा खर्च कुणीतरी करायचाच असतो. पण त्या कंपनीला लेखी विचारा की यातले किती दिरहम गावात पोचतात आणि कुणाच्या हातात. मुलांबरोबर काम करायला येणाऱ्याची पोलिस पडताळणी मागता का, हेही विचारा. मागत नसतील तर त्यांच्या दाराशीही जायला नको. जी संस्था तुमच्या मुलीला न तपासता मुलांत सोडते, ती इतरांनाही तसंच सोडते.

मुलीला मुलांमध्येच काम करायचं असेल तर चांगला मार्ग आहे. ॲटलसच्या गावांत प्राथमिक शाळा असते, पुढची शाळा खालच्या बाजारगावात. मुलगा मामाकडे राहतो, पायी जातो, कसंही करतो. मुलगी बारा वर्षांची झाली की घरी बसते. ‘एज्युकेशन फॉर ऑल’ नावाच्या संस्थेने २००७ मध्ये असनीत पहिलं वसतिगृह उघडलं, शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर, खास अशा मुलींसाठी. नंतर आणखी उघडली. भूकंपात त्यांच्या इमारतींचं नुकसान झालं, तेव्हा मुलींचं वर्ष बुडू नये म्हणून त्यांना माराकेशला हलवून शिक्षण चालू ठेवलं. तिथे घर सांभाळणाऱ्या बाया स्थानिक आहेत, कायमच्या आहेत. बाहेरून येणाऱ्याने संध्याकाळी इंग्रजीचा आणि गृहपाठाचा आधार द्यायचा, एवढंच. मुलींना आईची जागा भरून नको असते, इंग्रजीचा पेपर सुटायला हवा असतो. त्यांच्या अटी तुमच्या मुलीने स्वतः लिहून विचाराव्यात, तुम्ही नको. जाण्याआधी तिने थोडं फ्रेंच आणि दारिजातली, म्हणजे तिथल्या बोली अरबीतली, पन्नासेक वाक्यं शिकावीत. डोंगरात ताशल्हीत नावाची बर्बर भाषा बोलतात, ती मुलीच तिला शिकवतील.

आता सुरक्षितता. माराकेशच्या जुन्या शहरात मागे लागणारे, वाट दाखवतो म्हणणारे, टोमणे मारणारे भेटतात. उत्तर न देता चालत राहायचं. दुकानात शिरलं तर दुकानदार बहुतेक वेळा त्यांना हाकलतो. खांदे आणि गुडघे झाकणारे सैल कपडे, सोबत एक ओढणी. आपला सलवार-कुडता तिथे उत्तम चालतो, कापड सुती घ्या. शहरातल्या लहान टॅक्सीला मीटर लावायला सांगायचा, नाही म्हणाला तर दुसरी. रात्री पोचणारं विमान घेऊ नका. शहरात पोलिसांचा क्रमांक १९, गावाकडे जाँदार्मरीचा, म्हणजे तिथल्या ग्रामीण पोलिसदलाचा, १७७, रुग्णवाहिकेचा १५. आपला दूतावास रबातला आहे, त्याचा फोन तिच्या आणि तुमच्या दोघींच्या वहीत असावा. वेळेत आपण साडेचार तास पुढे असतो, रमजानच्या महिन्यात साडेपाच, तेव्हा तिचा फोन रात्री उशिरा आला तर घाबरू नका.

एकटीला पाठवावं का, याचं उत्तर या सगळ्यानंतर ‘हो’ असं देईन.

ताई, मी शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौथ्या वर्षाला आहे. आमच्या घरी बैल होते, जनावरांचीच आवड आहे. मोरोक्कोत गाढवं-खेचरांसाठी काम करता येतं असं ऐकलं. मला जमेल का?
— एक विद्यार्थी

तुझं पत्र वाचून फार बरं वाटलं. या सगळ्या पत्रांत कामाला लगेच उपयोगी पडेल असं कौशल्य असलेला तू एक.

मोरोक्कोतल्या फेस शहराचा जुना भाग असा आहे की त्याच्या हजारो गल्ल्यांत मोटार शिरूच शकत नाही. सिलिंडर, सिमेंट, कातडी, कोका-कोलाची खोकी, सगळं खेचरांच्या आणि गाढवांच्या पाठीवर. मागून ‘बालाक!’ अशी आरोळी आली की भिंतीला चिकटायचं. फरशी चढ-उताराची आणि झिजून गुळगुळीत झालेली. मी तिथे एका खेचराचा खूर वाकून पाहिला, नाल लोखंडाचा नव्हता, जुन्या टायरच्या रबराचा कापून ठोकलेला होता. घसरू नये म्हणून. तुझ्यासारख्याला त्या एका खुरावर तासभर बोलता येईल.

त्याच शहरात ‘अमेरिकन फोंदूक’ नावाचं जनावरांचं मोफत रुग्णालय १९२७ पासून चालतं. एका अमेरिकन बाईच्या देणगीतून ते सुरू झालं. खोगिराने सोललेली पाठ, लंगडणं, पोटशूळ, दातांची दुखणी, असं सगळं तिथे येतं, आणि पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शिकायलाही घेतात. माराकेशमध्ये ‘स्पाना’चं केंद्र आहे. त्या संस्थेची गोष्ट तुला आवडेल. १९२१ मध्ये केट आणि नीना होसाली या मायलेकी उत्तर आफ्रिकेत प्रवासाला गेल्या. तिथल्या कष्टाच्या जनावरांचे हाल पाहून परतल्या आणि १९२३ मध्ये त्यांनी ही संस्था काढली.

अर्ज स्वतः कर, दलालामार्फत नको. प्राचार्यांचं पत्र जोड, कोणती प्रकरणं हाताळलीस ते खरं-खरं लिही. घोड्यावर काम केलं नसेल आणि फक्त गाई-म्हशींवर केलं असेल तर तसंच लिही. जाण्याआधी रेबीजची लस घे, मोरोक्कोत कुत्र्यांचा रेबीज आहे आणि तुझा हात रोज जनावराच्या तोंडात जाणार. फ्रेंच आतापासून सुरू कर. औषधांची नावं तुला कळतील, पण मालकाशी बोलायला दारिजा लागेल. मालकावर कधी ओरडू नकोस. ज्याच्या खेचराची पाठ सोललेली आहे त्याच्या घरी त्या दिवशी त्याच पाठीवर चूल पेटते. तू बैलांच्या घरातला आहेस, हे तुला मी वेगळं सांगायला नको.

मी किल्लारीजवळच्या गावचा. माझे वडील गवंडी, ९३ नंतर सरकारी प्रशिक्षणात त्यांनी दगडी घरं मजबूत करायला शिकलं, मी त्यांच्या हाताखाली. तुमच्या लेखात तिकडच्या भिंतींचा फोटो होता. तो बघून वडील म्हणाले, ‘ह्या तर आपल्याच भिंती.’ आमचं तिकडे काही काम आहे का?
— एक वाचक, लातूर जिल्हा

वडिलांनी बरोबर ओळखलं. जरा सविस्तर लिहिते, कारण मी तिकडे गेले ती याच कारणाने.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आपली घरं का पडली ते तुमच्या वडिलांनी हाताने पाहिलंय. दोन-दोन अडीच-अडीच फूट जाडीची भिंत, पण ती एक भिंत नव्हतीच. बाहेरचा दगडाचा थर वेगळा, आतला वेगळा, मध्ये मातीचा आणि चिपांचा भराव. दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार दगड नाही. हादरा बसला की थर एकमेकांपासून सुटून फुगले आणि कोसळले. वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. दर पावसाळ्याआधी गळतीवर आणखी माती, असं पिढ्यान्‌पिढ्या चढत गेलेलं. कितीतरी घरांत लाकडी खण उभे राहिले आणि भिंती माणसांवर आल्या.

ॲटलसमध्ये काही गावांत साच्यात माती ठोकून उभ्या केलेल्या भिंती आहेत, आणि वरच्या गावांत दगड-मातीच्या, हुबेहूब आपल्या. छताला लाकडाचे वासे, त्यावर बोरू किंवा फांद्या, त्यावर माती. कोपऱ्यात भिंत भिंतीला नुसती टेकलेली. मी ज्या गावात होते तिथे एक अर्धी पडलेली भिंत चिरल्यासारखी उघडी होती. तिथल्या म्हाताऱ्या मआल्लेमला, म्हणजे मुख्य गवंड्याला, मी हाताच्या दोन पंजांनी दोन थर दाखवले, मग मधून एक बोट आरपार घातलं. तो काही बोलला नाही, मला हाताला धरून एका जुन्या धान्याच्या कोठाराकडे घेऊन गेला. त्या भिंतीत ठराविक उंचीवर आडवी लाकडं घातलेली होती, दोन्ही थरांना बांधून घेणारी, कोपऱ्यात एकमेकांवर चढवलेली. भिंतीला तडे होते पण ती जागेवर होती. म्हणजे ही विद्या त्यांच्याकडे होतीच. अक्रोड आणि जुनिपरचं लाकूड महाग झालं, सरकारने तोड थांबवली, आणि नव्या घरांतून ती लाकडं गेली.

म्हणून तिथे जाऊन आपण शिकवायचं असं मनात धरू नका. आपल्याकडे जे आहे ते वेगळं आहे: उभं घर न पाडता, थोड्या खर्चात ते कसं मजबूत करायचं. भिंतीत भोक पाडून सळई आणि काँक्रीटचा आरपार बंध भरणं, दरवाजा-खिडकीच्या वरच्या बाजूने घराभोवती जाळीचा पट्टा मारणं, माळवदावरची माती कमी करणं, खांब आणि तुळईच्या सांध्याला तिरका आधार देणं. हे आपल्या भागातल्या गावागावांत झालं आणि गवंड्यांनी केलं. आणि त्यात बायका होत्या. दुरुस्ती कार्यक्रमात ‘संवाद सहायक’ म्हणून गावच्या बायका नेमल्या होत्या. कोणतं घर कसं दुरुस्त होतंय, पैसे पोचले का, सिमेंट किती आलं, सगळ्यावर त्यांची नजर. ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेबरोबर काम केलेल्या लातूरच्या बायका २००१ च्या भूकंपानंतर गुजरातेत गेल्या आणि तिथल्या बायकांना आपला अनुभव सांगितला. तेव्हा ‘आमचं काही काम आहे का’ या तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन झालंय.

तिकडची अडचण कुठे आहे ते सांगते. पूर्ण पडलेल्या घराला सरकारने १,४०,००० दिरहम ठरवले, अंशतः पडलेल्याला ८०,०००. रस्त्यापासून लांबच्या गावात सिमेंटचं पोतं खेचरावर चढतं, तेव्हा हे पैसे छतापर्यंत पुरत नाहीत. म्हणून अनेक कुटुंबं हिवाळ्यांमागून हिवाळे तंबूत राहिली. जी नवी घरं झाली ती बरीचशी काँक्रीटच्या ठोकळ्यांची, आणि बर्फात तिथे खोली गार पडते. बायका मला भिंतीला हात लावून दाखवायच्या. मोरोक्कोने मातीच्या भूकंपरोधक बांधकामाचे नियम २०११ मध्येच केलेत, म्हणजे मातीला कायद्याने मनाई नाही. पण ते नियम वाचून भिंत उभी करणारे हात कमी आहेत. आपल्याकडेही ५२ गावं नव्या जागी हलवली, रुंद रस्ते आले, आणि गोठा कुठे बांधायचा याचा विचार कुणी केला नाही. आपल्या वडिलांना हे विचारा, ते माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.

आता तुम्ही काय करायचं. लगेच तिकीट काढू नका. पर्यटकाच्या व्हिसावर जाऊन मजुरी करणं बेकायदेशीर आहे. तिथल्या नोंदणीकृत संस्थेचं फ्रेंचमधलं निमंत्रणपत्र हातात हवं, त्यात काम, मुदत आणि खर्च कोण करणार हे स्पष्ट लिहिलेलं हवं. संस्थेबरोबर तिथला वास्तुविशारद किंवा अभियंता आहे ना, हेही पाहायचं, कारण भिंतीची जबाबदारी कुणाच्या तरी सहीवर असायला लागते.

पण निमंत्रण येईपर्यंत एक काम इथेच करता येईल, आणि ते तुमच्याशिवाय कुणी करू शकणार नाही. ९३ नंतर मजबूत केलेलं आणि आजही वापरात असलेलं एक घर गावात शोधा. वडिलांना तिथे उभं करा आणि मोबाईलवर फोटो काढा: पट्टा कुठून कसा गेलाय, आरपार बंधाची टोकं कुठे दिसतात, माळवदाची माती आता किती जाडीची आहे. मग एका पडक्या भिंतीवर त्यांनी तो बंध पहिल्यापासून घालून दाखवावा, पहार लावण्यापासून भोक बुजवण्यापर्यंत, प्रत्येक पायरीचा वेगळा फोटो. मापं सेंटिमीटरमध्ये लिहा. काय चुकलं तर बंध निकामी होतो, तेही वडिलांना विचारून लिहा, ते सगळ्यात महत्त्वाचं. मजकूर मराठीतच असू द्या. माझी मुलगी त्याचं फ्रेंच करेल आणि मी ते त्या खोऱ्यातल्या संस्थेला आणि त्यांच्या अभियंत्याला पाठवीन. मासिकाच्या पत्त्यावर माझ्या नावाने पाठवा, पाकिटावर ‘भिंत’ असं लिहा म्हणजे कचेरीतून ते माझ्याकडे लवकर येईल. पावसाच्या आधी जमलं तर बरं, ओल्या भिंतीचे फोटो नीट येत नाहीत.